वाचकांचे प्रश्न: बांधायला पैसे आहेत, मग बस चालवायला का नाहीत?

गेल्या अंकात महापालिकेच्या बजेटवर प्रश्न मागवले होते. निम्मे प्रश्न खड्ड्यांचे आले, बऱ्याच जणांनी नुसत्या शिव्या पाठवल्या (पोचल्या, धन्यवाद), आणि उरलेल्यांत खरंच विचारण्यासारखं काहीतरी होतं. बहुतेक पत्रं पुणे आणि पिंपरी-चिंचवडची, त्यामुळे उत्तरंही तिकडचीच. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणी रागावू नका.

ताई, पुणे महापालिकेने पाण्याच्या योजनेसाठी शेअर बाजारात कर्जरोखे विकलेत आणि त्यांची मुदत २०२७ ला संपते असं आमच्या कट्ट्यावर एकाने सांगितलं. मी मिळकत कर दरवर्षी वेळेत भरतो. तो या कर्जात जातो का? महापालिका कंगाल झालीये का? – एक निवृत्त वाचक, धनकवडी

काका, कंगाल नाही. कंगाल महापालिकेला रोख्यांवर पैसे द्यायला कोणी पुढे येतच नाही. २०१७ च्या जूनमध्ये पुणे महापालिकेने २०० कोटींचे रोखे काढले, मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के, मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवायला तेव्हाचे मुख्यमंत्री फडणवीस आणि केंद्रीय मंत्री वेंकय्या नायडू दोघेही हजर होते, एवढं कौतुक. पैसे समान पाणीपुरवठा योजनेसाठी, म्हणजे ते २४ तास पाणी वालं प्रकरण. व्याजाचा हिशोब तुम्हीच करून बघा, २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला साधारण १५ कोटी १८ लाख. आणि हो, ते तुमच्या-माझ्या करातूनच जातं, कारण रोखे घेणाऱ्याला भरवसा वाटावा म्हणून मिळकत कराचं उत्पन्न आधी एका वेगळ्या एस्क्रो खात्यातून फिरतं, तिथे त्यांचा हप्ता बाजूला निघतो आणि मग उरलेलं महापालिकेच्या हातात येतं.

पण १५ कोटी म्हणजे किती ते पण बघा. २०२५-२६ चं पुण्याचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं. शिवाय रोखे काढले म्हणून केंद्राने १०० कोटींमागे १३ कोटी या हिशोबाने २६ कोटी बक्षीस दिलं, म्हणजे पहिल्या दीड-पावणेदोन वर्षांचं व्याज तिथेच सुटलं.

कर्ज काढलं या एका गोष्टीवरून मी तरी महापालिकेला नावं ठेवणार नाही. घरासाठी कर्ज काढणं वेगळं आणि महिन्याचा किराणा उधारीवर आणणं वेगळं. पाइपलाइन आणि टाक्या पुढची कित्येक वर्षं वापरायच्या असतात, तर त्याचा सगळा भार एकाच वर्षाच्या करदात्यांवर टाकायचा का, पुढच्या वर्षांत पाणी वापरणाऱ्यांनी पण थोडा उचलावा की. माझी तक्रार वेगळी आहे. रोखे आधी निघाले, टेंडर नंतर वादात अडकलं, रद्द करून परत काढावं लागलं, आणि तोवर ते पैसे बँकेत ठेव म्हणून पडून आणि व्याजाचं मीटर चालू. त्यामुळे २,२६४ कोटींपर्यंतचं कर्ज टप्प्याटप्प्याने उभं करायचं ठरलं होतं तरी रोख्यांचा तो पहिला २०० कोटींचाच टप्पा आला. घाई घंटा वाजवायची होती, खड्डे खणायची नव्हती, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

१२ हजार कोटींचं बजेट म्हणजे तेवढे पैसे खरंच तिजोरीत असतात का? – कॉलेजची विद्यार्थिनी, शिवाजीनगर

नाही गं. शब्दच बघ ना, अंदाजपत्रक. वर्षभरात एवढे येतील असा अंदाज, आणि तो अंदाज बहुतेक वेळा जरा उदार असतो. जमेची बाजू फुगवली की खर्चाच्या बाजूला जास्त कामं लिहिता येतात, मग जानेवारी-फेब्रुवारीत पैसे कमी पडायला लागले की वर्गीकरण सुरू, म्हणजे एका कामाची तरतूद उचलायची आणि दुसऱ्या कामाला लावायची. नगरसेवक असताना यात ‘स’ यादी पण असायची, प्रभागातल्या त्यांच्या पसंतीच्या कामांची, त्यात बाक आणि कमानी आणि पुन्हा पुन्हा बदललेले पेव्हिंग ब्लॉक. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात, मग ‘स’ यादीवर बोलणारे गप्प झाले पण वर्गीकरण काही थांबलं नाही.

आता पैसे येतात कुठून. पूर्वी जकात होती, रोजच्या रोज नाक्यावर रोख पैसा. पुण्यात एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, व्यापाऱ्यांनी बंद पाळले, ऑगस्ट २०१५ ला बहुतेक व्यापाऱ्यांचा तो पण गेला, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी. त्याबदल्यात राज्य सरकार महापालिकांना दर महिन्याला नुकसानभरपाई देतं आणि ती वर्षाला ८ टक्क्यांनी वाढवायची असं कायद्यात लिहिलेलं आहे. ऐकायला बरं वाटतं, पण शहराचा धंदा २० टक्क्यांनी वाढला तरी तुला मिळणार ८ टक्केच, आणि मधल्या काळात पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, त्यांना पाणी, ड्रेनेज, रस्ते सगळं द्यायचंय. उरतो मिळकत कर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. बांधकाम शुल्क बिल्डरचा धंदा चालला तर येतं, नाहीतर नाही. म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या हातात असलेला खराखुरा नळ एकच, मिळकत कर, आणि तो वाढवायचं नाव काढलं की काय होतं ते तुला माहितीये. स्वतः राहत्या घराला ४० टक्के सवलत १९७० पासून होती, मधे ती काढली, लोकांना मागच्या वर्षांच्या फरकाची बिलं गेली, प्रचंड ओरड झाली, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती परत दिली. घरी विचार, या सवलतीसाठीचा पीटी-३ फॉर्म भरलाय का.

मेट्रोला हजारो कोटी मिळतात आणि आमच्या पीएमपीची बस निगडीपासून निघते ती मधेच बंद पडते. २०२५ च्या जूनमध्ये तिकीट पण वाढवलं. आम्ही बसवाले लोक काय सावत्र आहोत का? – रोज बसने जाणारा, निगडी

दादा, या अंकातला हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, जरा सविस्तर सांगते.

मेट्रोचा पहिला टप्पा, पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, ३३ किलोमीटरच्या आसपास, डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्च धरला होता ११,४२० कोटी. त्यात केंद्र आणि राज्य दोघांचं भांडवल, आणि मोठा भाग परदेशी बँकांचं स्वस्त आणि लांब मुदतीचं कर्ज, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे ६० कोटी युरो, फ्रान्सच्या एएफडी या संस्थेचे २४.५ कोटी युरो. हे सगळं कशासाठी मिळतं, तर बांधण्यासाठी. बोगदा, खांब, स्टेशन, डबे. एकदा खर्च करायचा, उद्घाटन करायचं, फोटो काढायचा. दिल्लीतून पैसे, मुंबईतून पैसे, पॅरिसमधून पैसे.

पीएमपीचा खर्च बघा आता. ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, सीएनजी, टायर, डेपोतली दुरुस्ती, आणि ठेकेदाराच्या बस असतील तर त्याला दर किलोमीटरमागे ठरलेला दर. हा खर्च रोज सकाळी पाचला सुरू होतो आणि रोज रात्री संपतो आणि दुसऱ्या दिवशी परत तोच. याला कोणी कर्ज देत नाही, आणि देऊही नये, कारण पगारासाठी कर्ज काढणारी संस्था बुडतेच. नवीन बस घ्यायला केंद्राच्या योजना येतात, चालवायला मिळेल ते फार थोडं. मग तिकिटातून खर्च भागत नाही (जगात फारच थोड्या शहरांत भागतो), आणि जी संचलन तूट राहते ती पुणे महापालिकेने ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडने ४० टक्के भरायची, पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून २००७ ला पीएमपीएमएल, म्हणजे आपली पीएमपी, झाली तेव्हापासूनचा हा हिशोब. आणि ही तूट दोन्ही महापालिकांच्या महसुली खात्यातून जाते, म्हणजे जिथून झाडूवाल्यांचे पगार आणि शाळांचा खर्च आणि औषधं जातात तिथूनच. त्यामुळे दरवर्षी रडारड, हप्ते उशिरा, ठेकेदारांचे पैसे थकले की ते अचानक बस बंद करतात, आणि तुम्ही स्टॉपवर उभे.

म्हणून मला ‘पीएमपी तोट्यात’ ही बातमीच आवडत नाही. कात्रजच्या उड्डाणपुलाला कोणी तोट्यातला पूल म्हणतं का? त्याला उत्पन्न शून्य आहे. तो खर्च भांडवली खात्यात टाकून विसरला जातो, बसचा खर्च मात्र दरवर्षी समोर येतो म्हणून तो तोटा.

तिकिटाबद्दल, १ जून २०२५ पासून कमीत कमी भाडं ५ वरून १० रुपये झालं आणि दिवसाचा पास ४० वरून ७०. मुंबईत पण तेच, बेस्टने मे २०२५ मध्ये साध्या बसचं ५ चं १० केलं. गंमत अशी की त्याच बेस्टने जुलै २०१९ मध्ये भाडं उतरवून ५ रुपयांवर आणलं होतं आणि प्रवासी धडाधड वाढले होते. पूर्वी बेस्टची बस चालायची कशावर, तर त्यांचाच वीज विभाग आहे, बसची तूट वीज ग्राहकांच्या बिलातून भरून निघायची. बिलातून तूट भरणं बंद झाल्यावर बेस्ट महापालिकेच्या दारात हात पसरून उभी, आणि महापालिका कोणती, तर देशातली सगळ्यात श्रीमंत.

मग दुसरीकडे काय करतात? फ्रेंचांचं नाव वर आलंच आहे तर सांगते. पॅरिस भागात १९७१ पासून एक कर आहे, ठराविक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांनी पगाराच्या रकमेवर भरायचा, आणि तो पैसा सार्वजनिक वाहतुकीला, चालवायला सुद्धा. कामगार वेळेवर पोचतो याचा फायदा कंपनीला होतो म्हणून कंपनीने थोडं द्यावं, सरळ हिशोब. आपण फ्रान्सकडून कर्ज घेतलं, ही आयडिया नाही घेतली. हिंजवडी, खराडी, तळवडे, चाकण, एवढ्या कंपन्या आपल्याकडे, असा कर लावला तर ओरड होईल हे मला कळतंय, पण आत्ता त्याच कंपन्या स्वतःच्या खाजगी बस आणि कॅबवर पैसे घालतातच की आणि त्या गाड्या पण त्याच जाममध्ये अडकतात.

वाघोलीत फ्लॅट घेतला, ७० लाखांचा. स्टॅम्प ड्युटीत १ टक्का मेट्रो सेस लागला. आमच्याकडे मेट्रो कुठाय? – नवीन घरमालक, वाघोली

अभिनंदन आधी. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क लागतं ना, त्यात ५ टक्के मूळ, १ टक्का महापालिकेचा आणि १ टक्का हा वाहतुकीचा अधिभार, एप्रिल २०२२ पासून पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर सगळीकडे आहे. तुमचे त्यापायी ७० हजार गेले. घर बाईच्या नावावर घेतलं असतं तर एकूणात १ टक्का सवलत होती, आता उपयोग नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी लक्षात ठेवा.

मेट्रो तुमच्याकडे येणार आहे असं कागदावर तरी आहे. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली या दोन वाढीव मार्गांना केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, मिळून पावणेतेरा किलोमीटर, ३,६२६ कोटी. तुम्ही आत्ता भरलेला पैसा मेट्रो सुरू व्हायच्या आधीचा, हे खरं, पण तत्त्व म्हणून मला हा कर पटतो. मेट्रोमुळे जागेचे भाव चढतात तर त्यातला थोडा हिस्सा मेट्रोकडे परत जावा. मला खटकतं ते हे की जाहिरातीत ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ छापून भाव वाढवणाऱ्या बिल्डरच्या नफ्यापेक्षा सही करणाऱ्या ग्राहकाच्या खिशातून तो सरळ आणि आधी निघतो.

आणि तुमच्याच नगर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, होती हो. बांधायला पैसे मिळाले, मग ती नीट चालवली नाही, मार्गिकेत खाजगी गाड्या घुसल्या, आणि शेवटी उखडून टाकली. उखडायचे पण पैसे गेले.

पिंपरी-चिंचवडने फूटपाथसाठी कर्ज काढलंय म्हणे. फूटपाथसाठी?? – एक करदाता, चिंचवड

हो, २०२५ मध्ये २०० कोटींचे हरित रोखे, व्याज ७.८५ टक्के, त्यातून निगडी प्राधिकरणातला हरित सेतू (चालणाऱ्यांसाठी रस्ते नीट करायचा प्रकल्प) आणि टेल्को रस्त्याचं काम. त्याआधी २०२३ मध्ये पण २०० कोटींचे रोखे काढले होते. हरित रोख्यांचं व्याज वर्षाला १५ कोटी ७० लाख होतं आणि केंद्राकडून प्रोत्साहन म्हणून २० कोटी मिळतात, त्यामुळे पहिलं वर्ष फुकट पडलं म्हणा.

दोन प्रश्नचिन्हं टाकलीत तुम्ही, पण मला फूटपाथसाठी कर्ज अजिबात विचित्र वाटत नाही. बसला जाणारा माणूस आधी चालतो, मेट्रोतून उतरणारा पण चालतो, आणि स्टेशनपासून घरापर्यंत चालता येत नसेल तर तो दुचाकीच काढणार. एक उड्डाणपूल बांधायच्या पैशात कितीतरी किलोमीटर रस्ता चालण्याजोगा होतो. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला तेव्हा दुकानदार म्हणत होते गिऱ्हाईक तुटेल, आता संध्याकाळी तिथे जाऊन बघा बसायला जागा मिळते का. लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, एक दिवस गाड्या बंद, लोक रस्त्याच्या मधोमध आरामात फिरतात, आणि दुसऱ्या दिवशी परत हॉर्न.

काळजी पुढची आहे. फूटपाथ झाला, मग फरशी निघाली तर कोण बसवणार, झाडांना पाणी कोण घालणार, वर चढलेल्या गाड्या कोण उचलणार? त्याला रोख्यांतले पैसे वापरता येत नाहीत, त्याला दरवर्षी वेगळी तरतूद लागते आणि ती सगळ्यात आधी कापली जाते. पुण्याच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा, आधी पाच रस्त्यांवर करून बघू असं ठरलं, आणि मग सगळ्याच पक्षांना मतदार आठवले आणि ते कपाटात गेलं. ते पैसे त्याच रस्त्याच्या देखभालीला लावले असते तर लोकांनी कदाचित मानलं पण असतं. शहराच्या मध्यात जागेला एवढा भाव आणि त्यातली रस्त्याकडेची जागा गाडीला फुकट, हे मला कधीच समजलं नाही.

आमच्या आजोबांच्या वेळी मुंबई सुधारली ती कोणाच्या पैशाने? तेव्हा पण कर्जच का? – वाचक, दादर

हो तर. १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्यांनी कर्ज उभारून गर्दीच्या वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सॅंडहर्स्ट रोड काढले आणि तुमचं दादर-माटुंगा आखलं. जागा घ्यायची, आखायची, भाडेपट्ट्याने द्यायची, त्यातून कर्ज फेडायचं. दादरला ते जमलं, जुन्या वस्त्यांत मात्र जितकी माणसं उठवली तितकी परत बसवली नाहीत. १९३३ ला ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

त्याहून बोधप्रद म्हणजे १९२० चं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, ज्याच्या नावाने बीडीडी चाळी. सरकारने कर्ज काढलं, शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे १ रुपया कर लावला, ५० हजार खोल्या बांधायच्या ठरवल्या आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून १६ हजारांच्या आसपास बांधल्या. बांधून झाल्यावर भाड्यातून खर्च निघेना आणि कित्येक खोल्या तर भाडेकरू मिळत नाही म्हणून रिकाम्या. शंभर वर्षं झाली, निगडीच्या दादांचाच प्रश्न आहे हा.

आमच्या स्टॉपवर शेड नाही, उन्हात म्हातारी माणसं उभी राहतात. एवढ्या कोटींच्या गप्पा चाललेत, आम्हाला एक शेड मिळेल का? – सोसायटीची सेक्रेटरी, बिबवेवाडी

मिळू शकते, प्रयत्न करा. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी कामं सुचवायची सोय आहे, बजेटच्या तयारीच्या वेळी, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो आणि ऑनलाइन पण येतो. एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा आहे, शेड त्यात बसते. फॉर्मवर नुसतं ‘बस स्टॉपची सोय करावी’ असं लिहू नका, कोणता रस्ता, कोणत्या दुकानासमोर, कोणत्या बाजूचा स्टॉप ते लिहा, फोटो जोडा, आणि जमलं तर सोसायटीतल्या दहा-पंधरा जणांनी वेगवेगळे फॉर्म भरा. पोच घ्या, शिक्क्यासकट. मार्चमध्ये अंदाजपत्रक आलं की क्षेत्रीय कार्यालयाच्या यादीत तुमचं काम आहे का बघा, आणि असलं तरी निश्चिंत होऊ नका, दिवाळीनंतर एकदा जाऊन विचारा की टेंडर निघालं का, कारण वर्गीकरणात पैसे गेले तर ते तुम्हाला कळवायला कोणी येणार नाही. आणि एक प्रत पीएमपीच्या डेपोत पण द्या, नाहीतर शेड होईल आणि स्टॉप पन्नास फूट पुढे सरकवतील.